पोटावरचा मुका मार आणि सहा आठवड्यांची राखण

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत पोटाला मार बसण्याची कारणं रोजच्या कामातच आहेत. ताडी काढणारा माणूस ओल्या खोडावरून घसरतो. चिकूच्या वाडीत फळ उतरवताना फांदी मोडते. नांगरणीच्या दिवसांत बैल लाथ झाडतो. डहाणू-झाईच्या किनाऱ्यावर ताणलेला दोर सुटून खलाशाच्या पोटावर बसतो. बोईसर-तारापूरच्या आणि उंबरगावच्या कारखान्यांत माल चढवता-उतरवताना गोणी अंगावर येते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हापासून भिंत अंगावर कोसळण्याची भीतीही या यादीत आली. आणि चारोटी, तलासरी, आच्छाड असा जाणारा मुंबई–अहमदाबाद महामार्ग तर चोवीस तास वाहतोच.

हाड मोडलं किंवा डोकं फुटलं की घरचे लगेच गाडी शोधतात. पोटाच्या बाबतीत तसं होत नाही. कातडीवर खरचटलेलंही नसतं. माणूस उठून उभा राहतो, चार पावलं चालतो, मग आंबेहळदीचा लेप लावून आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून आडवा होतो. बहुतेक जण असे बरेही होतात. पण काही थोड्यांच्या पोटात फाटलेलं किंवा चिरडलेलं काहीतरी राहून जातं आणि ते तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात, क्वचित काही वर्षांनी डोकं वर काढतं. तोवर मार सगळेच विसरलेले असतात. रोगी सांगत नाही, डॉक्टर विचारत नाहीत आणि आजाराला भलतंच नाव पडतं.

हा लेख त्या थोड्यांसाठी आहे. सांगणं एकच: पोटाला मार बसला त्याची तारीख लिहून ठेवा, सहा आठवडे पोटाची राखण करा, आणि पुढे कधीही पोटाचं किंवा छातीचं दुखणं निघालं तर तो मार डॉक्टरांना आठवणीने सांगा.

बाहेर खूण नसली तरी आत मोठी इजा असू शकते, याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण अमिताभ बच्चन यांचं. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला 'कुली'च्या मारामारीचं चित्रीकरण चालू असताना पोटाला ठोसा आणि टेबलाची कड लागली. रक्ताचा थेंब बाहेर आला नाही. आतडं फाटल्याचं निदान व्हायला वेळ गेला, तोवर पोटात विष पसरलं होतं. बंगळूरला आणि मग मुंबईत ब्रीच कँडीत शस्त्रक्रिया झाल्या आणि ते घरी परतले ते २४ सप्टेंबरला. देशातले नामांकित डॉक्टर हाताशी असताना हे झालं. सायवनच्या किंवा उधव्याच्या एखाद्या पाड्यावर तर घरच्यांची सावध नजर हाच पहिला इलाज असतो.

पोटात नेमकं काय होतं

पोटातले अवयव तीन तऱ्हेचे. यकृत, पाणथरी म्हणजे प्लीहा, आणि मूत्रपिंड हे भरीव अवयव. ते फाटले की रक्तस्राव होतो. जठर, आतडी आणि मूत्राशय हे पोकळ अवयव. ते फुटले की आतली घाण किंवा लघवी पोटात सांडते आणि जंतू पसरतात. तिसरे, पाठीच्या कण्याला चिकटून खोल बसलेले अवयव: स्वादुपिंड, लहान आतड्याचा पहिला भाग, मोठ्या रक्तवाहिन्या. यांची इजा पोट दाबूनही लवकर कळत नाही. रक्तस्राव तासांत उघड होतो. आतडं फुटलेलं कळायला एक-दोन दिवस लागू शकतात. खोलवरच्या इजेला आठवडेही लागतात. म्हणून राखणीचे टप्पेही वेगवेगळे आहेत.

पहिले सहा तास

माणसाला सपाट निजवा, अंगावर पांघरूण घाला. दोन्ही गुडघे किंचित वर घेतल्याने बरं वाटत असेल तर घेऊ द्या. पण उंचावरून पडलेला असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, तर त्याला वाकवू नका. झोळीत पाठ वाकते. त्यापेक्षा बाज, फळी किंवा काढलेलं दार वापरा आणि चौघांनी मिळून एकसाथ उचला.

तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नाही, चहा नाही, हळदीचं दूध नाही. भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट घातक ठरतं. घसा कोरडा पडत असेल तर ओल्या फडक्याने ओठ पुसा. पोट चोळू नका, शेकू नका. 'बेंबी सरकली' म्हणून पोट दाबणं किंवा ओढणं तर या वेळी कटाक्षाने टाळा. पाणथरीवर बसलेली रक्ताची गाठ त्या दाबाने फुटू शकते. भगताकडे जायची घरची रीत असेल तर आधी दवाखाना करा, मग तिकडे जा. पाड्यावरच्या भगतांनाही हात जोडून विनंती की पोटाला मार लागलेला माणूस आला तर पोटाला हात न लावता त्याला पुढे पाठवा. तुमचा शब्द तिथे डॉक्टरांच्या शब्दाइतकाच मानला जातो.

पुढची लक्षणं दिसली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा:

- बसल्या जागी मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला १०० च्या वर
- घाम, गार हातपाय, पांढरा पडलेला चेहरा, सारखी तहान, बेचैनी
- उठून बसताना चक्कर किंवा शुद्ध हरपणं
- पोट फुगणं, फळीसारखं कडक होणं, हात लावताच कळ येणं
- खांद्याला मार नसताना डाव्या खांद्याचं टोक दुखणं. पाणथरीतलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, लागलं की असं होतं
- उलट्या, विशेषतः हिरव्या किंवा रक्ताच्या
- लघवीत रक्त, किंवा लघवीच न होणं
- पोटावर पट्ट्यासारखा किंवा सायकलच्या मुठीसारखा गोल वळ

रक्तदाब चांगला आहे एवढ्यावर विसंबू नका. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं जवळजवळ दीड लिटर पोटात जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहू शकतो. आधी वाढते ती नाडी. लहान मुलांचा रक्तदाब तर याहूनही उशिरा उतरतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून दर अर्ध्या तासाने नाडी मोजा आणि वेळेसकट कागदावर लिहा. आशाताई जवळ असतील तर त्यांना बोलवा.

ताडी किंवा दारू प्यायलेल्या माणसाची जास्त काळजी घ्या. त्याला वेदना पुऱ्या जाणवत नाहीत आणि 'पिऊन झोपलाय' म्हणून सगळे त्याला सोडून देतात. शिवाय प्यायल्यावर मूत्राशय भरलेलं असतं. भरलेल्या मूत्राशयावर लाथ किंवा गाडीचा दणका बसला तर ते वरच्या बाजूने फुटतं आणि लघवी पोटात सांडते. मग लघवी होत नाही, पोट फुगतं. पोटात सांडलेली लघवी पुन्हा रक्तात शोषली गेल्याने तपासणीत क्रिएटिनीन वाढलेलं दिसतं आणि मूत्रपिंडं निकामी झाल्याचा समज होतो. मार लागल्यापासून लघवी झाली नाही, एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगितलं तरी निदानाची दिशा बदलते.

तपासणी 'नॉर्मल' आली म्हणजे काय

रुग्णालयात पहिल्यांदा छातीचा आणि पोटाचा फोटो आणि सोनोग्राफी होते. सोनोग्राफी पोटात साचलेलं रक्त दाखवते, पण त्यासाठी ते पुरेसं साचावं लागतं. आतड्याचं छोटं भोक, स्वादुपिंडाची चीर, श्वासपटलाची फाट तिच्यात बरेचदा दिसत नाही. शिरेत औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन जास्त सांगतो, तरी पहिल्या काही तासांत काढलेल्या स्कॅनमध्ये आतड्याची आणि स्वादुपिंडाची इजा निसटू शकते. स्वादुपिंडासाठी करतात ती अमायलेज नावाची रक्ततपासणीही सुरुवातीला साधारण येऊ शकते.

म्हणजे 'नॉर्मल' हा त्या घटकेचा निकाल आहे. पोटाच्या माराचं निदान बऱ्याचदा एकाच डॉक्टरांनी काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पोट तपासून होतं. डॉक्टर म्हणाले, "रात्रभर राहा, सकाळी परत बघू," तर राहा. घरी सोडत असतील तर विचारा, "परत तपासायला कधी येऊ? कोणतं लक्षण दिसलं तर रात्री-अपरात्रीही यायचं?" उत्तर कार्डावर लिहून घ्या.

तिसऱ्या दिवसापासून दोन आठवडे

या काळातला मोठा धोका म्हणजे पाणथरी उशिरा फुटणं. मार लागतो तेव्हा पाणथरीच्या आवरणाखाली रक्ताची गाठ होते. आवरण तिला धरून ठेवतं, माणूस सावरतो आणि कामाला लागतो. दोन दिवसांनंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत आणि क्वचित त्याहूनही पुढे, एखाद्या जोराच्या हालचालीने किंवा आपसूक ते आवरण फुटतं. डाव्या बरगडीखाली एकदम कळ, चक्कर आणि पांढरा फटक चेहरा अशी त्याची चाहूल असते.

पाणथरी आधीच वाढलेली असेल तर हलका मारही पुरतो. १८७५ साली आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारलं आणि तो मेला. शवविच्छेदनात वाढलेली पाणथरी फुटल्याचं निघालं आणि मॅजिस्ट्रेटने फुलरला फक्त ३० रुपये दंड केला. पुढच्या वर्षी व्हाइसरॉय लिटन यांनी या शिक्षेबद्दल उघड नापसंती नोंदवली, त्यामुळे हे प्रकरण देशभर गाजलं. त्या काळी हिवतापाने वाढलेली पाणथरी सर्रास आढळायची. आजही ज्याला वारंवार हिवताप झाला आहे, त्याने मार लागल्यावर ते आवर्जून सांगावं. या भागातल्या आदिवासी घरांमध्ये सिकलसेलही आढळतो आणि त्या मुलांची पाणथरी लहानपणी वाढलेली असू शकते. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते रुग्णालयात सोबत न्या.

पाणथरीला किंवा यकृताला चीर आहे पण शस्त्रक्रियेची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तर ती चांगली बातमी आहे. आज अशा पुष्कळ रोग्यांवर विश्रांती आणि निरीक्षण एवढ्यावर उपचार होतात. पण विश्रांतीचा अर्थ नीट समजून घ्या. ओझं उचलणं, झाडावर चढणं, मोटारसायकल, कुस्ती, कबड्डी हे साधारण ६ ते ८ आठवडे बंद. इजा मोठी असेल तर त्याहून जास्त. 'हलकं काम करा' असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीतलं काम असू शकतं. म्हणून स्पष्ट सांगा: मी ताडावर चढतो, मी पन्नास किलोची गोणी उचलतो, मी बोटीवर जातो. न चढता घर चालत नाही ही अडचण खरी आहे, आणि तीही सांगा, म्हणजे डॉक्टर नेमकी मुदत ठरवून देतील.

मुलांमध्ये सायकलचा हँडल हे एक वेगळंच कारण आहे. मूल पडतं आणि हँडलचं टोक बेंबीच्या वर पोटात घुसतं. मागे कणा, पुढे लोखंडी नळी आणि मधे स्वादुपिंड, पाट्या-वरवंट्यात सापडावं तसं. घटकाभर रडून मूल पुन्हा खेळायला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटाच्या वरच्या भागात आणि पाठीत दुखतं, उलट्या होतात, ताप येतो. तसंच लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या भिंतीत रक्त साचून वाट बुजते, मग मुलाला हिरव्या उलट्या होतात. ही गाठ बहुधा दोन-तीन आठवड्यांत शस्त्रक्रियेविना विरते, पण तोवर नाकातून नळी आणि शिरेतून पोषण लागतं, आणि ते रुग्णालयातच होतं. हँडलवर पडलेल्या मुलाला हिरवी उलटी झाली, तर खाण्यात काही आलं असेल असं मानून घरी थांबू नका.

तिसरा ते आठवा आठवडा

इथून पुढे मार आणि आजार यांची सांगड कुणी घालत नाही. म्हणून ही दुखणी ओळखून ठेवा.

*कावीळ, काळी शी आणि उजव्या बरगडीखाली कळ.* यकृताच्या आत फाटलेली रक्तवाहिनी पित्तनळीत उघडली की रक्त पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरतं. उजवीकडे येऊन-जाऊन कळ येते, डोळे पिवळे होतात, शी डांबरासारखी काळी होते किंवा रक्ताची उलटी होते. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. काळ्या शीला अल्सर म्हटलं जातं आणि कावीळ उतरवायला झाडपाल्याच्या औषधाकडे नेलं जातं. मागच्या दोन महिन्यांत पोटाला मार लागलेला असेल तर कावीळ उतरवण्याच्या वाटेला जाऊ नका. हा रक्तस्राव थांबून-थांबून पुन्हा होतो आणि एखाद्या वेळी जिवावर बेततो. मोठ्या रुग्णालयात मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन ती रक्तवाहिनी बंद करता येते.

*जेवल्यावर मुरडा, पोट फुगणं, उलटी.* आतड्याला रक्त पुरवणारा पडदा फाटला तर आतड्याचा तो तुकडा तग धरतो, पण हळूहळू आक्रसतो. काही आठवड्यांनी वाट अरुंद होते. आपल्याकडे आतड्याची वाट अरुंद होण्याचं नेहमीचं कारण क्षयरोग आहे, म्हणून टीबीचा संशय आधी येतो आणि तो रास्तही आहे. पण मार सांगितला तर नको ती औषधं टळू शकतात आणि शस्त्रक्रियेने दुखणं कायमचं मिटू शकतं.

*पोटाच्या वरच्या भागात गोळा.* स्वादुपिंडाचा रस झिरपून साधारण चार आठवड्यांत त्याची पिशवी तयार होते. भूक मरते, दोन घास खाताच पोट भरतं, हाताला गोळा लागतो. काही पिशव्या आपोआप विरतात, काहींना दुर्बिणीतून किंवा शस्त्रक्रियेने वाट करून द्यावी लागते. हा गोळा बाहेरून दाबू नका, चोळू नका.

*थंडी वाजून ताप.* पोटातल्या जुन्या रक्तात किंवा झिरपलेल्या पित्तात पू झाला तर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप चढू लागतो. या भागात थंडीताप म्हटलं की हिवताप आठवतो. रक्ताची तपासणी कराच, पण ती निर्दोष आली तर पोटाची सोनोग्राफी मागून घ्या.

*मार लागलेल्या जागी खोकताना येणारा फुगवटा.* हँडलच्या दणक्याने कातडी शाबूत राहते, पण आतले स्नायू फाटतात आणि आतडं कातडीखाली येतं. सूज समजून तिकडे दुर्लक्ष होतं. निजल्यावर आत जाणारा आणि खोकल्यावर बाहेर येणारा फुगवटा सर्जनना दाखवा.

काही महिने आणि काही वर्षं

श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा. जोराच्या दणक्याने तो फाटतो, आणि जास्त करून डावीकडे, कारण उजवीकडे यकृताचा आधार असतो. फाट लहान असली तर त्या वेळी कळत नाही. महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, जठर किंवा आतडं त्यातून वर छातीत सरकतं. जेवल्यावर धाप लागते, छातीत डावीकडे दुखतं आणि अडकलेलं आतडं पिळलं गेलं तर जीव धोक्यात येतो. छातीच्या फोटोत हवेची पोकळी किंवा पाणी असल्यासारखं दिसतं. ते फुप्फुसातलं समजून छातीत नळी घातली तर आतड्यालाच भोक पडू शकतं. "डॉक्टर, पाच वर्षांपूर्वी झाडावरून पडलो होतो," हे वाक्य अशा वेळी फार मोलाचं ठरतं.

दुसरं आहे मूत्रपिंडाचं. मूत्रपिंडाभोवती साचलेलं रक्त घट्ट होऊन त्याला आवळतं. आवळलेलं मूत्रपिंड रक्तदाब वाढवणारी द्रव्यं सोडतं. अमेरिकेतले डॉक्टर आयर्विन पेज यांनी १९३९ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला सेलोफेन कागद गुंडाळून हे दाखवून दिलं आणि त्यांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. मागे किंवा कुशीत मार लागून लघवीतून रक्त गेलं असेल, तर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब मोजून घ्या. पंचविशीतल्या तरुणाचा रक्तदाब वाढलेला निघाला तर जुन्या माराची आठवण काढा. काही वेळा हा रक्तदाब शस्त्रक्रियेने उतरवता येतो.

पाणथरी काढलेल्यांसाठी

रक्तस्राव थांबत नसेल तर जीव वाचवण्यासाठी पाणथरी काढावी लागते. तिच्याविना माणूस नीट जगतो, कामही करतो. पण काही जंतूंना अडवणारा पहारेकरी गेलेला असतो. अशा माणसाला साधा वाटणारा ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो आणि हा धोका आयुष्यभर थोडाफार राहतो. म्हणून पाच गोष्टी पाळा.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी या जंतूंविरुद्धच्या लसी घ्या. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी त्या देणं उत्तम. पण परत येणं होणार नसेल तर घरी सोडण्याआधीच द्यायला सांगा. पुढचे डोस कधी, ते कार्डावर लिहून घ्या. ताप आला की त्याच दिवशी, त्याच तासात दवाखाना गाठा. तापाच्या वेळी लगेच घ्यायचं प्रतिजैविक डॉक्टरांना विचारून घरात ठेवा. मच्छरदाणीत झोपा, कारण पाणथरी नसलेल्याला हिवताप फार जोराचा होतो. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनाबरोबर प्रतिजैविकाचंही विचारा. आणि 'माझी पाणथरी काढलेली आहे' असं लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवा. लहान मुलांना काही वर्षं रोज पेनिसिलीन द्यावं लागू शकतं. ते मनाने बंद करू नका.

गरोदर बाई, आणि घरात मार खाणारी बाई

गरोदर बाईच्या पोटाला लागलेला कुठलाही मार लहान मानू नका. तिला स्वतःला बरं वाटत असतानाही आत वार सुटू शकते. निदान चार तास बाळाचे ठोके तपासत रुग्णालयात राहावं. पोट आवळून येत असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर चोवीस तास. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं का, ते विचारा.

पोटावरची लाथ घरातलीही असते. बाई 'पडले' म्हणून सांगते आणि डॉक्टर पडण्याच्या हिशेबाने तपासतात. लाथ आणि पडणं यांनी होणारी इजा वेगळी असते, म्हणून खरं कारण डॉक्टरांच्या कानावर गेलं पाहिजे. सोबतच्या माणसांना बाहेर पाठवून एकट्याने बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे.

कुठे जायचं, काय विचारायचं

१०८ वर फोन करा आणि 'पोटाला मार, नाडी इतकी' असं सांगा. डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालयं, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय आणि धुंदलवाडीचं वेदांता वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय ही जवळची ठिकाणं. तिथून गरजेप्रमाणे सिल्वासा, वापी, वलसाड, ठाणे किंवा मुंबईला पाठवलं जातं. पुढे पाठवताना तीन गोष्टी विचारा: तिथे आत्ता सर्जन आहेत का, सीटी स्कॅन चालू आहे का, रक्त मिळेल का. शक्य तर इथल्या डॉक्टरांनाच तिकडे फोन करायला सांगा. शिरेत सुई, दिलेलं सलाईन, नाडी-रक्तदाबाच्या वेळा आणि सोनोग्राफीचा कागद यांशिवाय निघू नका. रक्त देऊ शकतील असे दोन-तीन जवान नातेवाईक सोबत घ्या.

पोलिसांची नोंद व्हायची आहे म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. पण ही नोंद, म्हणजे एमएलसी, करून मात्र घ्या; पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात ती लागते. अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोचवणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

खर्चासाठी दोन दारं ठोठवा. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयात रोख न भरता उपचार मिळतात. झाडावरून पडणं, बैलाची लाथ अशा मारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या. सगळे कागद एका पिशवीत, उंच आणि कोरड्या जागी ठेवा. चार वर्षांनी धाप लागली तर तीच पिशवी घेऊन जायचं आहे.

टाळता येतं ते टाळा

मुलांच्या सायकलच्या हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी मूठ आहे का, ते आजच बघा. मूठ झिजून नळी उघडी पडली असेल तर बदला. काही रुपयांचं काम आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले सहप्रवासी गेले. पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागे बसतानाही पट्टा लावा, आणि नीट लावा. कमरेचा पट्टा पोटावर न घेता खाली, कमरेच्या हाडावर बसवा. पोटावरून गेलेला पट्टा धक्क्यात आतडं आणि कणा दोन्ही जायबंदी करतो. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. मुलाला मांडीवर घेऊन दोघांत एक पट्टा लावू नये.

आशाताई, शिक्षक, वाडीमालक, भट्टीवरचे मुकादम आणि बोटीचे तांडेल यांना शेवटची विनंती. तुमच्या ओळखीत कुणाच्या पोटाला मार लागला तर त्याची चार वेळा चौकशी करा: त्याच रात्री, तिसऱ्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. जेवण जातं का, उलटी होते का, ताप आहे का, लघवी आणि शीचा रंग कसा आहे, डोळे पिवळे दिसतात का, एवढे पाच प्रश्न पुरतात. एकाचंही उत्तर वाकडं आलं तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा आणि माराची तारीख चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्या.